चालीला गाव असतं

हट्ट्याची बारव एका धाटणीची, वालूरची पायऱ्यांनी गोल फिरत खाली जाणारी, पिंगळीची आणखी वेगळी. हिंगोली आणि परभणी या दोन जिल्ह्यांतल्या या बारवा एकाच कामासाठी बांधल्या गेल्या, पाण्यापर्यंत माणसाला पायांनी पोचता यावं म्हणून. त्या पाहायला येणारा कोणी असं विचारत नाही की यातली मूळ बारव कोणती आणि बिघडलेली कोणती. जमीन, दगड, झरा आणि बांधणारे हात वेगळे, म्हणून बारव वेगळी, हे आपल्याला सहज पटतं. गाण्याच्या चालीबाबत मात्र आपला न्याय उलटतो. एकच ओवी दोन गावांत दोन चालींवर ऐकू आली, किंवा सप्ताहात बाहेरगावच्या टाळकऱ्यांनी ओळखीचा अभंग निराळ्या वळणाने उचलला, की पहिला शेरा येतो, ‘चाल चुकली’. दुसरा शेरा थोडा शिकलेला असतो, ‘मूळ चाल अशी नाही’. हे दोन्ही शेरे निरागस वाटतात, पण त्यांनी आपल्या भागातल्या गाण्याचं मोठं नुकसान केलं आहे, असं माझं ठाम मत आहे. लोकांच्या तोंडी वाढलेल्या गाण्याला एक मूळ चाल आणि बाकी तिच्या सदोष नकला, असं कधी नसतंच. प्रत्येक चालीला तिचं गाव असतं, तिची गाणारी असते आणि तशी होण्याचं कारण असतं. ती चाल त्या नावगावासकट जपायला हवी, आणि ते काम आपण जवळजवळ केलेलंच नाही.

ओवीपासून सुरुवात करावी, कारण चाली बदलण्याची सगळी कारणं तिथे उघड दिसतात. ओवी दोन ओळींची, अक्षरांचा हिशेब सैल, आणि गाताना मध्ये ‘बाई’, ‘गं’, ‘माझ्या’ असे शब्द घालून ती हवी तेवढी लांबवता येते. जात्यावर एकटी बाई बसली तर एका हाताने खुंटा ओढायचा, दुसऱ्या हाताने धान्याची मूठ सोडायची आणि त्याच दमात गायचं. दोघी समोरासमोर बसल्या तर ओढ वाटली जाते, श्वास पुरतो, एक ओळ टाकते आणि दुसरी उचलते. म्हणजे तीच ओवी एकटीच्या जात्यावर आणि जोडीच्या जात्यावर मुळातच वेगळी बसते. शिवाय ओवी चालवणारी बाई एका गावात जन्मते आणि दुसऱ्या गावात नांदते. माहेरची चाल घेऊन ती सासरी येते, तिथे सासू आणि जावेबरोबर खुंट्याला हात लावते, आणि तिचा सूर त्यांच्या सुरात मिसळतो किंवा आपलं वळण टिकवून त्यांनाच आपल्याकडे ओढतो. पुढे तिची लेक ती मिसळलेली चाल घेऊन तिसऱ्या गावात जाते. दर पिढीत, दर लग्नात हे घडत आलं आहे. जात्यावरच्या ओवीच्या चालीला काही भागांत बाया ‘गळा’ म्हणतात. फार नेमका शब्द आहे हा. चाल कागदावर किंवा पोथीत नसते, गळ्यात असते, आणि दोन गळे एक नसतात, हे त्या एका शब्दात मान्य केलेलं आहे.

असं असताना ओव्या गोळा करणाऱ्यांनी काय गोळा केलं? शब्द. साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये बायांच्या ओव्या आणल्या, सरोजिनी बाबर यांनी महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीच्या कामातून खंडामागून खंड सिद्ध केले. हे ऋण आपल्यावर कायमचं आहे. पण ती पानं उघडून एखादी ओवी गाता येते का? आपल्याला आधीपासून येत असेल त्या चालीवर येते, छापलेल्या पानावरून येत नाही. या बाबतीत सगळ्यात मोठं काम झालं ते पुण्यात, हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी प्वातवाँ यांच्या पुढाकाराने. १९८० च्या दशकापासून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजाराहून जास्त गावांतून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या जमवल्या. पुढे बर्नार बेल यांनी १९९० च्या दशकात त्यातल्या काही गायिकांचे आवाज टेपवर उतरवले, आणि २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने त्या ओव्या आवाजासह लोकांपुढे आणायला सुरुवात केली. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसचा आवाजही त्यात आहे. या संग्रहाबद्दल माझ्या मनात आदरच आहे, आणि म्हणूनच त्यातला आकडा नीट वाचायला हवा. ओव्या लाखावर आणि आवाजाचं मुद्रण शंभर-सव्वाशे तासांच्या घरात. सर्वांत काळजीने झालेल्या कामातसुद्धा बहुतेक ओव्यांचे शब्द राहिले आणि गळा निसटला. यात दोष कोणाचा नाही. टेप महाग होती, माणसं थोडी होती, आणि वहीत ओळ लिहायला मिनिट पुरतं. पण जिथे हात तोकडा पडला ती जागा कोणती, हे आपल्याला कळलं पाहिजे.

अशोक दा. रानडे यांनी १९७५ मध्ये ‘लोकसंगीतशास्त्र’ लिहून लोकगीताकडे संगीत म्हणून पाहण्याची शिस्त मराठीत आणली. त्याला पन्नास वर्षं झाली. तरीही विद्यापीठांत लोकगीत आजही प्रामुख्याने मराठी विभागात वाचलं जातं, म्हणजे शब्द म्हणूनच. चाल हा त्या शब्दांना घातलेला कपडा आहे, असं धरून चालल्यामुळे हे होतं. ओवी मात्र ज्या बाईने जात्यावर गायली तिच्या बाजूने पाहा. तिच्यासाठी चाल आधी लागते, ओढ सुरू होते, आणि मग त्या चालीत शब्द येत जातात, पाठ असलेले आणि त्याच क्षणी सुचलेलेही.

आता शब्दांकडेही पाहू, कारण शब्द तरी स्थिर असतात, असा समज आहे. परंपरेने नामदेवांचं जन्मगाव मानलं जाणारं नरसी हिंगोली जिल्ह्यातलं. जन्म १२७० चा. त्यांच्या नावाची रचना तीन वाटांनी आपल्यापर्यंत आली. एक वाट मराठी गाथेची, दुसरी शिखांच्या आदिग्रंथाची, जिथे १६०४ मधल्या संकलनात त्यांची ६१ पदं रागांच्या नावांखाली लावलेली आहेत, आणि तिसरी राजस्थानातल्या हस्तलिखितांची. विनांद कालेवार्ट आणि मुकुंद लाठ यांनी नामदेवांच्या हिंदी पदांची हस्तलिखितं एकमेकांशी ताडून १९८९ मध्ये त्यांची संहिता प्रसिद्ध केली. त्यांच्या मांडणीचा गाभा असा, की ही पदं लेखनिकांच्या आधी गायकांच्या हाती होती, आणि हस्तलिखितांतले बरेचसे फरक गाण्याच्या ओघात पडलेले आहेत. ओळ वरखाली होते, धृपद बदलतं, एखादा शब्द तालासाठी येतो किंवा जातो. ज्या संताच्या नावाने जिल्हा ओळखला जातो त्याची पदंसुद्धा गाणाऱ्यांच्या तोंडून अशी अनेक रूपं घेऊन टिकली आहेत. त्यांचं मोठेपण त्यामुळे उणं झालं नाही. एका रूपाला चिकटून बसली असती तर ती पदं पंजाबात कोणी गायली असती?

चालीबाबत एक उदाहरण फार बोलकं आहे. ‘तीर्थ विठ्ठल’ हा नामदेवांचा अभंग आज म्हटला की भीमसेन जोशींचा आवाज आणि अहिरभैरवातली ती चाल कानात उभी राहते. ती चाल संगीतकार राम फाटक यांची आहे, विसाव्या शतकातली आहे आणि सुंदर आहे. फाटकांनी ती नामदेवकालीन असल्याचा दावा केला नव्हता. पण ध्वनिमुद्रिका आणि रेडिओ घरोघरी पोचल्यावर काय झालं? भजनी मंडळातला नवा मुलगा तीच ‘खरी’ चाल मानून येतो, आणि गावातल्या म्हाताऱ्या टाळकऱ्याने दोनच सुरांत फिरणारी, पावलीला सोयीची चाल धरली की त्याला ती अपुरी वाटते. एका थोर गायकाच्या मुद्रणाने इतर चालींवर बंदी घातली नव्हती. ती आपण आपल्या कानांनी घातली.

हे फक्त आपल्याकडे घडलं असं नाही. कॅनडात क्युबेक हा फ्रेंच बोलणाऱ्यांचा प्रांत. तिथे फिडलवर, म्हणजे व्हायोलिनवरच, नाचाच्या जलद चाली वाजवतात आणि वाजवणारा बसल्या जागी दोन्ही पायांनी ठेका देत असतो. त्यातली ‘रील द्यू पांद्यू’, म्हणजे फाशी जाणाऱ्याची चाल, फार प्रसिद्ध आहे. दंतकथा अशी, की फाशीच्या शिक्षेतल्या माणसाला सांगण्यात आलं, हे वाद्य वाजवून दाखवलंस तर सुटशील. त्याने आयुष्यात फिडल धरलं नव्हतं, तरी ही चाल वाजवली. चाल वाजवायला तारा नेहमीपेक्षा निराळ्या सुरांत लावाव्या लागतात, आणि वादकागणिक तिचे तुकडे किती, कोणता आधी, कोणता किती वेळा, हे सगळं बदलतं. दुसरी एक चाल, ‘ग्रांद जीग सँप्ल’, क्युबेकमधून पश्चिमेकडे सरकत मेती लोकांमध्ये, म्हणजे मूळ रहिवासी आणि फ्रेंच-स्कॉटिश व्यापारी यांच्या मिश्र वंशजांमध्ये ऐकू येणाऱ्या ‘रेड रिव्हर जिग’ची सख्खी बहीण ठरते. या चालींत मोजून आठ-आठ मात्रांचे तुकडे पडतीलच असं नाही. कुठे एखादी मात्रा जास्त, कुठे एखादी कमी. पुस्तकी संगीत शिकलेल्यांना त्या बराच काळ अडाणी वाटल्या. आज अशा चालीला तिथे ‘वाकडी चाल’ म्हणतात, आणि तो शब्द दूषण म्हणून वापरत नाहीत. वाकडेपणा हीच तिची ओळख आहे, कारण नाचणाऱ्याचं पाऊल तिथे तसंच पडत होतं.

पण क्युबेकनेही तोट्याचा अनुभव घेतला आहे. १९२० च्या दशकाच्या शेवटी जोसेफ अलार यांच्या वादनाच्या तबकड्या निघू लागल्या. तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटं मावत, म्हणून चाल त्या मापात कापून बसवावी लागे. त्यांचे शिष्य जाँ कारिन्याँ हे माँट्रियलमध्ये टॅक्सी चालवणारे, विलक्षण ताकदीचे वादक. येहुदी मेन्युइनसारख्या दिग्गज व्हायोलिनवादकाने त्यांना मानलं. पण कारिन्याँनी वाजवलेलं रूप इतकं गाजलं की पुढच्या कितीतरी वादकांना तेच प्रमाण वाटू लागलं. नंतरच्या अभ्यासकांनी आणि वादकांनी खेडोपाडी जाऊन त्याच चालीची इतर रूपं मिळवली, वादकाचं नाव आणि गाव लावून ठेवली. म्हणून आज तिथला तरुण वादक एखादी चाल वाजवताना ती कोणाकडून आली ते सांगतो. मला हेवा वाटतो तो या सवयीचा. आपल्याकडे गजाने वाजवायची वाद्यं नाहीत असंही नाही. नाथपंथी भिक्षेकऱ्यांची सारंगी आणि किंगरी होती. नांदेडच्या किनवटपासून आदिलाबादपर्यंत प्रधान लोक तीन तारांची किकरी गजाने वाजवत गोंडांच्या कुळकथा गातात. निजामाच्या काळात मानववंशशास्त्रज्ञ फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी गोंड समाजाचा अभ्यास केला आणि १९४८ मध्ये ग्रंथ लिहिला. किकरीच्या चालींची गाववार, घरवार नोंद अजून व्हायची आहे.

या मांडणीवर पहिला आक्षेप शिक्षक आणि मंडळांचे प्रमुख घेतील, आणि तो खरा आहे. पन्नास पोरांना एकत्र गायला बसवायचं तर एक चाल ठरवावीच लागते. सप्ताहात दहा गावचे टाळकरी उभे राहतात, तिथे प्रत्येकाने आपला गळा चालवला तर भजन उभं राहणार नाही. मान्य. एकत्र गाण्यासाठी एक चाल ठरवायला माझी हरकत नाही. हरकत आहे ती ठरवलेल्या चालीला ‘खरी’ म्हणण्याला. मुलांना चाल शिकवताना ‘ही अमक्या गावची, अमक्या आजीची’ एवढं म्हटलं तर शिकण्यात काही अडत नाही, आणि मुलाला कळतं की आणखी चाली असू शकतात. शालेय लोकगीत स्पर्धांत परीक्षक शुद्धतेचे गुण देतात, तिथे प्रश्न गंभीर होतो. शुद्ध म्हणजे कशाशी जुळणारं? बहुतेक वेळा परीक्षकाने रेडिओवर ऐकलेल्या रूपाशी जुळणारं. हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा या भागाला अभिमान आहे आणि असावा. हळदीचं वर्णन एक ठरवावं लागतं, नाहीतर बाजारात फसवणूक होईल. चालीच्या बाबतीत असं एकच वर्णन ठरवणं हीच फसवणूक होईल, कारण वसमत तालुक्याची म्हणून एक चाल कधी नव्हतीच.

दुसरा आक्षेप जास्त कठीण आहे. प्रत्येक फरकाला मान द्यायचा तर मग चूक नावाची गोष्ट राहणारच नाही का? म्हातारपणी सूर उतरतो, कडवं विसरतं, दम लागतो. हे सगळं रूपभेद म्हणून वहीत चढवायचं? नाही. पण चूक आणि वळण यांतला फरक ओळखण्याची रीत आहे, आणि ती साधी आहे. गाणारीला तीच ओवी पुन्हा म्हणायला लावावी, मग दुसरी ओवी त्याच चालीवर, मग काही दिवसांनी पुन्हा. वळण दर वेळी त्याच जागी आलं तर ते तिचं आहे. तिच्या जावेकडे किंवा लेकीकडेही आलं तर ते घराचं आहे. एकदाच आलं तर सोडून द्यावं. इंग्लंडमध्ये सेसिल शार्प यांनी १९०७ मध्येच लोकगीताच्या जगण्याची तीन अंगं सांगितली होती. सातत्य, बदल आणि समाजाने केलेली निवड. बदल एकट्याचा असतो, पण तो टिकतो की नाही हे भोवतालचे लोक तो उचलतात की नाही यावर ठरतं. म्हणून एका गायिकेकडून एकदा घेतलेलं मुद्रण कितीही स्वच्छ असलं तरी अपुरं आहे. एकच ओवी पाच गळ्यांतून घेतली तर ती आपल्याला बरंच काही सांगते.

तिसरा आक्षेप भावनेचा आहे आणि मला तो सगळ्यांत जवळचा वाटतो. जातं म्हणजे बाईची पहाटेची वेठ. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा बायांच्या खांद्यांची सुटका झाली. त्या कष्टातून निघालेल्या सुरांचे गोडवे गाणं हे दळण न दळलेल्यांचं काम आहे, असं कोणी म्हणेल तर मी वाद घालणार नाही. जातं परत यावं असं कोणी म्हणू नये. पण त्या बायांनी त्या वेळेत काय केलं ते पाहा. सासरचा जाच, भावाची वाट, बापाचं कर्ज, पांडुरंगाशी भांडण, आणि दलित वस्त्यांतल्या बायांनी त्याच गळ्यांवर गायलेल्या बाबासाहेबांच्या ओव्या. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर देव बदलला, ओवीतली माणसं बदलली, आणि बाईने जुन्याच गळ्यात नवे शब्द बसवले. कोणती चाल तिने ठेवली आणि कोणती टाकली, यातही तिचा निर्णय होता. तो समजून घ्यायचा तर चाल हाती हवी. नुसत्या शब्दांवरून तो कळणार नाही.

राहिला प्रश्न सिनेमाच्या चालींचा. भजनी मंडळं चित्रपटगीतांच्या चालींवर अभंग बसवतात, याचा जुन्या लोकांना राग येतो. मला स्वतःला ते आवडत नाही. पण माझ्याच तर्काला मी प्रामाणिक राहायचं तर कबूल करावं लागेल, की दहा वर्षं टाळ-पखवाजावर गायली गेली की ती चालही घासून निराळी होते, आणि गावाची होऊ लागते. तिची नोंदही तारीख घालून व्हावी. माझा विरोध नव्या चालीला नाही, तर तिच्या रेट्याने जुनी चाल न नोंदवता जाते याला आहे. आणि मोबाईलवर सगळं मिळतंच की, असं म्हणणाऱ्यांनी एवढं तपासावं. कोणताही अभंग शोधला तर सर्वांत वर येतं ते सर्वांत जास्त ऐकलं गेलेलं रूप. ज्याचं एकही मुद्रण नाही ते रूप शोधात कधीच येणार नाही.

काम मोठ्या संस्थेची वाट पाहण्याइतकं अवघड नाही, पण संस्थेने हात लावला तर ते टिकेल. नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ पासून या भागासाठी आहे. मराठी विभाग आणि संगीताचे शिक्षक यांनी मिळून वसमत तालुक्यातल्या निवडक दहा ओव्या आणि दहा अभंग घ्यावेत, आणि तेच वीस तुकडे जमतील तेवढ्या गावांत, जमतील तेवढ्या गळ्यांतून मुद्रित करावेत. नव्या ओव्या शोधण्यापेक्षा हे आधी. प्रत्येक मुद्रणाबरोबर गाणारीची परवानगी, तिचं माहेर आणि सासर, चाल कोणाकडून आली, जात्यावर ती एकटी बसायची की जोडीने, एवढं लिहावं. आणखी एक जपायला हवं. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झाला. त्याआधीच्या प्रत्येक नोंदीत या भागातली गावं परभणी जिल्ह्याखाली आहेत, आणि हट्टा नावाची गावं महाराष्ट्राबाहेरही आहेत. गाव, तालुका आणि वर्ष तिन्ही लिहिली नाहीत तर पुढच्या माणसाला ती चाल तिच्या गावात परत नेता येणार नाही. आणि ज्वारी दळताना ओढ जड होते तेव्हा ओवी कुठे थांबायची, गहू दळताना कुठे, हे विचारून घ्यायला हवं. स्वतःच्या हाताने जातं ओढून ते सांगू शकणाऱ्या बहुतेक बाया आता सत्तरीच्या पुढे आहेत.